एका मिनिटात पंधरा

माझ्या घरात शिकारीची रायफल आहे. पण शिकार मी जन्मात केलेली नाही. सशावरसुद्धा कधी नेम धरला नाही. परवान्याच्या पुस्तकात मात्र स्पष्ट लिहिलेले आहे: .३१५ बोअर, स्पोर्टिंग रायफल. ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला लगाम घातला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीचे दारही जवळजवळ बंद केले, तरी रायफलीचे नाव तेच राहिले. आमच्या भागात ही शिकारीची रायफल दिसते ती बँकेच्या दारात नाहीतर पैशाच्या गाडीवर, आणि ती धरणारा असतो आपल्यातलाच कुणी खाकी कपड्यातला पहारेकरी.

बांधणीने ती फौजेतल्या जुन्या .३०३ ची धाकटी बहीण. .३०३ हा लष्करी बोअर असल्यामुळे सामान्य माणसाला परवान्यावर मिळत नाही. म्हणून तीच घडण, तसाच बोल्ट, फक्त बोअर वेगळा. .३०३ च्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या मावतात, हिच्या मॅगझिनमध्ये पाच.

मी १९८४ साली महार रेजिमेंटमध्ये भरती झालो आणि २००१ साली हवालदार म्हणून घरी आलो. वय छत्तीस. पेन्शन होती, पण दोन मुलांची शिक्षणे आणि म्हाताऱ्या आईचे औषधपाणी त्यात भागत नव्हते. आपल्या समाजात फौजेतून परत आलेल्यांची संख्या मोठी आहे, त्यामुळे पुढचे वाचकांना सांगायला नको. पहारेकऱ्याच्या नोकरीसाठी विचारायला गेलो तर ठेकेदार म्हणाला, "स्वतःचं परवान्याचं हत्यार असेल तर उद्यापासून या." परवान्यासाठी तहसील, पोलीस ठाणे आणि कलेक्टर कचेरी अशा फेऱ्या सात महिने मारल्या. रायफल दुकानातून वापरलेली घेतली. पैसे सौभाग्यवतीने भिशीतून उचलले. म्हणून आजही ती म्हणते, "बंदूक माझी आहे, तुम्ही नुसती उचलता."

कुणी म्हणेल, सतरा वर्षे फौजेत काढलेल्या माणसाला बंदुकीचे काय शिकायचे राहिले? पण आमच्या हातात होती एस.एल.आर. त्या रायफलीत एक गोळी सुटली की दुसरी आपोआप नळीत चढते. माणसाने फक्त शिस्त घ्यायची आणि चाप दाबायचा. (फौजेच्या हिंदीत नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. मराठी मुलखातल्या रंगरुटाला पहिल्या दिवशी याचे हसू येते.) बोल्टच्या रायफलीत सगळे हाताने करावे लागते. दांडी वर उचला, मागे ओढा, रिकामे काडतूस बाहेर उडते. पुढे ढकला, नवीन गोळी चढते. दांडी खाली दाबा, मग चाप. प्रत्येक गोळीमागे हा चार पदरी खटाटोप, आणि प्रत्येक वेळी नेम नव्याने जुळवायचा.

आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहत. १९५८ सालची भरती, पहिले हत्यार .३०३. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी रायफल हातात घेतली, तीन वेळा बोल्ट ओढून आतून रिकामी असल्याची खात्री केली, चौथ्यांदा नळीत करंगळी घालून पाहिली आणि मग म्हणाले, "एका मिनिटात पंधरा. जमेल?"

हा पंधराचा हिशेब त्यांच्या मनाचा नव्हता. पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटिश फौजेच्या गोळीबाराच्या पुस्तकात ती परीक्षाच होती. जमिनीवर पालथे पडायचे, तीनशे यार्डांवर टार्गेट, आणि एका मिनिटात नेम धरून मारलेल्या पंधरा गोळ्या. गोरे सोल्जर तिला 'मॅड मिनिट' म्हणत, म्हणजे वेडा मिनिट. १९१४ च्या ऑगस्टमध्ये बेल्जियममधल्या माँसच्या लढाईत या रायफलींचा मारा पाहून जर्मनांना समोर मशीनगनच आहेत असे वाटले, ही गोष्ट जुन्या फौजी लोकांत अजून सांगतात. पंधरा म्हणजे एका गोळीला चार सेकंद. त्यातच दोनदा मॅगझिन भरण्याचा वेळही आला.

मी पहिल्या दिवशी पाच गोळ्यांना अडतीस सेकंद घेतले. सुभेदारसाहेब हसले. आमच्या रेजिमेंटची पहिली बटालियन १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावला उभी राहिली आणि १९४६ साली तिची मशीनगन रेजिमेंट झाली; टोपीवरच्या बिल्ल्यात दोन व्हिकर्स मशीनगन आडव्या-तिडव्या आहेत त्या तेव्हापासूनच्या. साहेब म्हणाले, "अरे, आपल्या बिल्ल्यावर दोन मशीनगन आहेत, आणि तू एका बोल्टला सात सेकंद घेतोस!"

ही अडतीस सेकंदे खरी गोळी उडवून मोजलेली नव्हती, हे सांगायला हवे. गोळ्या महाग. त्या वेळी एका गोळीच्या किमतीत आमच्या घरची दिवसाची भाजी येत असे. वर्षात किती घ्यायच्या तेही परवान्यावर ठरलेले असते, आणि मोकळ्या रानात जाऊन उडवायच्या म्हटले तर तो गुन्हा. म्हणून सगळा सराव रिकाम्या रायफलीवर. सुभेदारसाहेबांनी पाच डमी काडतुसे करून दिली होती. पितळेच्या रिकाम्या नळकांडीत दारू नाही, टोपी नाही, पुढे लाकडाची गोळी. खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, आणि किल्ली सौभाग्यवतीच्या पदराला. रविवारी सकाळी मुले शेजारी पाठवायची, दाराला आतून कडी, मागच्या भिंतीपलीकडे ओढ्याचा उंच बांध असल्याने तोंड त्याच भिंतीकडे. भिंतीवर काळा ठिपका काढलेला, पाऊण इंचाचा. चार फुटी टार्गेट तीनशे यार्डांवरून जेवढे दिसते तेवढाच हा ठिपका पंधरा फुटांवरून दिसतो. हे गणित साहेबांनी मला कागदावर मांडून दाखवले होते.

वेळ कुठे जातो ते त्यांनी बाजूला बसून पाहिले. बोल्ट ओढताना मी रायफल खांद्यावरून खाली घेत होतो. उडालेले काडतूस कुठे पडले ते बघायला मान वळत होती. मग दस्ता पुन्हा खांद्यात, गाल पुन्हा लाकडावर, डोळा पुन्हा माशीवर. अर्धा वेळ यातच. साहेबांनी माझा गाल हाताने दस्त्यावर दाबून ठेवला आणि म्हणाले, "मान हलली की मोजणी पहिल्यापासून." मग फक्त उजवा हात हलू लागला. कोपर जमिनीवर टेकलेले, हात बिजागरीसारखा फिरतो, दांडी तळहाताने वर, तशीच मागे शेवटपर्यंत. शेवटपर्यंत हे महत्त्वाचे. घाईत बोल्ट अर्धा ओढला तर रिकामे काडतूस आतच राहते आणि नवीन गोळी त्यावर जाऊन अडकते. काही जुने लोक अंगठा आणि तर्जनीने दांडी धरून ठेवत आणि चाप मधल्या बोटाने दाबत, म्हणजे हात मागेपुढे करायला नको. मला ते मानवले नाही. मधल्या बोटाला तर्जनीची समज नसते असे माझे मत आहे.

चाप दाबण्याचा सराव वेगळा, त्याला घड्याळ नाही. नळीच्या टोकाशी रुपयाचे नाणे आडवे ठेवायचे आणि चाप दाबायचा. नाणे पडता कामा नये. हे काम आमच्या मुलीकडे होते. खोलीत तिला एकटीलाच प्रवेश, तोही रायफल तपासून झाल्यावर आणि मागच्या बाजूने. नाणे पडले तर ते तिचे. पहिल्या महिन्यात तिने बरीच कमाई केली. पुढे कॉलेजात एन.सी.सी. मध्ये .२२ ची चांदमारी झाली तेव्हा ती घरी येऊन म्हणाली, "बाबा, तिथं सगळ्या मुली चाप ओढत होत्या, मी एकटीच दाबत होते."

तीन महिन्यांत पाच गोळ्या बावीस सेकंदांवर आल्या. त्याखाली मी फारसा गेलो नाही, जायची गरजही नव्हती. बँकेच्या दारात पंधरा गोळ्या मारायची वेळ कुणावर येते? पण साहेब घड्याळ सोडायला तयार नव्हते. हात इतके वळणी पडले पाहिजेत की डोके दुसऱ्या कामाला मोकळे राहील, असे ते म्हणत. ते दुसरे काम कोणते, ते त्यांनी बरेच दिवस सांगितले नाही.

मग एका रविवारी त्यांनी घड्याळ माझ्या बायकोच्या हाती दिले. माझेच एच.एम.टी. मनगटी घड्याळ. तिला समजावले: "ताई, 'चला' म्हणायचं की हा सुरू होणार. आणि 'बास' म्हणायचं की हा थांबणार. बास कधी म्हणायचं ते तुमच्या मनावर. दुसऱ्या गोळीला म्हणा, चौथ्या गोळीला म्हणा, एखादे वेळी म्हणूच नका. ह्याला कळता कामा नये." बास म्हटल्याबरोबर बोल्ट असेल तिथे थांबला पाहिजे, बोट चापाबाहेर आले पाहिजे. चाप अर्धा दाबलेला असला तरी.

हे सगळ्यात अवघड निघाले. हात जितके चपळ झाले तितके थांबणे कठीण होत गेले, कारण एक हालचाल दुसरीला ओढत नेते. बायकोला मात्र यात फार रस आला. भाकरी थापता थापता मध्येच ओरडायची, "बास!" आणि कान देऊन बसायची. "अहो, बास म्हटलं ना! मग टिक कसं वाजलं?" की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षे झाली होती. चौदा वर्षांचा हिशेब तिने त्या घड्याळावर चुकता केला असावा.

खरा गोळीबार वर्षातून एकदा. बँका आपल्या पहारेकऱ्यांना पोलिसांच्या मैदानावर नेतात, आमच्या वाट्याला पाच-पाच गोळ्या येत. तिथे जे दिसे ते सांगण्यासारखे नाही, तरी सांगतो. माझ्याबरोबरचे अर्धेअधिक लोक फौजेतले नव्हते. कालपर्यंत ऊसतोडीला जाणारा माणूस ठेकेदाराने खाकी कपडा चढवून उभा केलेला. हातात बारा बोअरची जुनी दुनळी, कमरेच्या पट्ट्यात काडतुसे इतकी जुनी की पितळ हिरवे पडलेले. एकाने मला विचारले, "मेजर, गोळी उडाल्यावर बंदूक हातातून सुटते का हो?" (आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच.) २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ वाल्यांसमोर आपल्या पोलिसांच्या हातात जुन्या .३०३ आणि लाठ्या होत्या. त्यानंतर वर्ष-दोन वर्षे आमच्या साहेबलोकांनाही जाग आली. मैदानावर कुणीतरी स्टॉपवॉच घेऊन उभे राहू लागले आणि "लवकर, लवकर" म्हणून ओरडू लागले. लवकर काय करायचे ते मात्र कुणी शिकवले नाही.

घड्याळ लावून मारणे हा खेळही आहे आणि त्यात आपल्या देशाच्या फौजी मुलाने नाव काढले आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुभेदार विजय कुमार यांनी २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक मिळवले. त्या प्रकारात पाच टार्गेटांवर पाच गोळ्या, आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार सेकंदांत मारायच्या असतात. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे, रेल्वेत नोकरी करणारा, १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेऊन आला. त्याच कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली होती. या दोघांच्या खेळात वेळ भरपूर असतो, पण संपतोच. माझ्या मुलीला त्या वाटेने पाठवायचे मनात होते. रायफलीची किंमत विचारून परत आलो.

आता २०१२ सालचे सांगतो. एप्रिलची दोन तारीख, मार्चअखेरीची सुट्टी संपून बँक उघडलेली. दारात पेन्शनीच्या म्हाताऱ्या माणसांची रांग पार रस्त्यापर्यंत. साडेअकराच्या सुमारास एक आजी पिशवी छातीशी धरून पायऱ्या उतरली आणि एका पोराने ती पिशवी हिसकली. आजी पडली, आरडाओरडा झाला, पोरगा एस.टी. स्टँडच्या दिशेने पळाला. मी पायरीवर होतो. रायफल खांद्याला कधी लागली आणि बोल्ट कधी फिरला ते मला आठवत नाही, हातांनी ते आपसूक केले. माशीवर त्या पोराची निळ्या शर्टाची पाठ होती. अंतर तीस-पस्तीस पावले. कुणीतरी मागून ओरडले, "मेजर, मारा! मारा की!"

डोके मोकळे होते. त्याच्या पाठीमागे रसवंतीचे गुऱ्हाळ, त्याच्या बाजूला बाकावर बसलेल्या तीन शाळकरी मुली, आणि त्यापलीकडे फलाटाला लागलेली गाडी. .३१५ ची गोळी माणसाच्या अंगात थांबेलच असे नाही, आणि चुकली तर किलोमीटरभर जाऊनही कुणाचा जीव घेऊ शकते. पोराच्या हातात पिशवीशिवाय काही नव्हते. मी बोट चापाबाहेर काढले, नळी खाली केली, बोल्ट ओढून गोळी हातात घेतली. सगळे मिळून चार सेकंद झाले असतील. वेड्या मिनिटातली एक गोळी.

पोराला स्टँडवरच्या हमालांनी धरला. पिशवी मिळाली, आजीच्या मनगटाला प्लास्टर बसले. पोरगा सोळा वर्षांचा निघाला.

तिसऱ्या दिवशी मला लेखी खुलासा मागितला. हत्यार असूनही कारवाई का केली नाही? साहेबांनी तोंडीही विचारले, "बंदूक काय शोभेला दिलीय?" ती त्यांनी दिलेली नव्हती, भिशीची होती, पण ते मी बोललो नाही. मुलीची नर्सिंगची फी जूनमध्ये भरायची होती. मी रात्री बसून दीड पान लिहिले. मालमत्तेच्या बचावासाठी जीव घेण्याची मुभा कायदा मोजक्या प्रसंगीच देतो: जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग, किंवा चोरी करणाऱ्याकडून मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती. तेव्हा हे भारतीय दंडसंहितेच्या १०३ कलमात होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, पण तत्त्व तेच आहे. निःशस्त्र पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणे त्यात बसत नाही. खाली गुऱ्हाळ, बाक आणि गाडी यांचा नकाशा काढला, पावले मोजून अंतरे लिहिली. सुभेदारसाहेबांनी तो वाचला, एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि परत दिला.

खुलासा मान्य झाला की नाही ते कुणी कळवले नाही. ठेकेदाराने मला चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाखेवर टाकले. आठ महिने पहाटे पाचची एस.टी. धरली. मुलीची फी वेळेवर भरली गेली, ते महत्त्वाचे. ती आज पुण्याला नर्स आहे. आजीने मात्र माझा पत्ता शोधून काढून एक दिवस घरी येऊन ताटभर चिंचा ठेवल्या. तिने काही विचारले नाही, मी काही सांगितले नाही.

सुभेदारसाहेब २०१६ साली गेले. मी २०२३ साली नोकरी सोडली. गुडघे दुखतात, पायरीवर आठ तास उभे राहवत नाही. रायफल विकायला काढली आहे. परवानाधारक गिऱ्हाईकच लागते, म्हणून वेळ लागतो आहे.

गेल्या दिवाळीपासून गल्लीतला एक पोरगा रविवारी सकाळी येतो. फौजेच्या भरतीत उंचीत दोनदा कमी पडला, आता पैशाच्या गाडीवर लागलाय. हत्यार त्याला ड्युटीवरच मिळते, तेव्हा मी त्याला बाभळीच्या लाकडाची रायफल घडवून दिली आहे, दाराची कडी बसवून बोल्टसुद्धा केला आहे. पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, मला फास्ट शिकवा." मी त्याला पालथा पाडला, गाल लाकडाला लावला. घड्याळ काकूच्या हातात. ती आता चष्म्याशिवाय काटा बघू शकत नाही, म्हणून नुसतीच मनाने मोजते, आणि त्यामुळे आणखीनच बेभरवशाची झाली आहे. मागच्या रविवारी तो चौथ्या गोळीला पोचला होता, चेहऱ्यावर घाम, कडी खटाखट वाजतेय, आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "बास!" त्याच्या हाताने आणखी एकदा कडी ओढली.

"वाजलं रे," ती आतून म्हणाली. "चल, पुन्हा पहिल्यापासून."